ग्लुकोमीटर घरात कसा आला, आणि त्याच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

घरचं मशीन १६० दाखवतं आणि लॅबचा रिपोर्ट १४५ सांगतो. मग खोटं कोण? बऱ्याच घरांत हा वाद झालेला असतो आणि शेवटी मशीन कपाटात जाऊन बसतं. आजच्या भागात या मशीनचा इतिहास बघू. या वादाचं उत्तर त्यातच आहे.

आधी घरी तपासायचे ती लघवी. १९०८ मध्ये स्टॅनले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने निळं द्रावण शोधलं. लघवी घालून तापवलं की साखरेप्रमाणे ते हिरवं, पिवळं, विटकरी होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्हीही हे केलं असेल. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. आणि साखर घसरली, म्हणजे माणूस बेशुद्ध पडायची वेळ आली, तर ही चाचणी काहीच सांगत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सर्व्हर बंद पडतोय आणि आपण कालचा लॉग वाचतोय!

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीने डेक्स्ट्रोस्टिक्स ही पट्टी आणली. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. डोळ्यांनी रंग ओळखण्यात चूक होणारच. म्हणून अँटन क्लेमन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारं यंत्र बनवलं. सव्वा किलोच्या आसपास वजनाचं, काटा फिरणारं. ते डॉक्टर आणि हॉस्पिटलांसाठी होतं, पेशंटसाठी नाही.

इथे येतात रिचर्ड बर्नस्टाइन. पेशाने इंजिनियर, वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, आणि पस्तिशीत शरीर खंगत चाललेलं. १९६९ मध्ये त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. कंपनीने विकायला नकार दिला, कारण ते डॉक्टर नव्हते. पण त्यांची बायको डॉक्टर होती! तिच्या नावाने ऑर्डर गेली. किंमत, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, ६५० डॉलर.

मग त्यांनी एखाद्या इंजिनियरने करावं तेच केलं. दिवसातून पाचेक वेळा मोजायचं, खाण्यात किंवा इन्सुलिनमध्ये थोडा बदल करायचा, पुन्हा मोजायचं. हळूहळू साखर आटोक्यात आली, तब्येत सुधारली. हे लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं, तर लेख परत आले. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९८३ मध्ये ते स्वतःच डॉक्टर झाले.

साखर काटेकोर सांभाळल्याने खरंच फरक पडतो का, याचं पक्कं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. टाइप १ च्या १,४४१ जणांवर अमेरिका आणि कॅनडात मोठा अभ्यास झाला. त्यातला एक गट दिवसातून किमान चार वेळा बोटातून तपासणी करून इन्सुलिन ठरवायचा. ज्यांच्या डोळ्यांना अजून इजा झाली नव्हती, त्यांच्यात ती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मात्र साखर धोकादायक घसरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, हेही सांगायला हवं.

आता अचूकतेकडे येऊ. २०१३ च्या आयएसओ १५१९७ मानकानुसार, साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी किमान ९५ रीडिंग्ज लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत हवीत. १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना मशीनने १७० किंवा २३० दाखवलं, तरी ते पास! सुरुवातीचे १६० आणि १४५ म्हणजे भांडण नाहीच. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असतेच. अ‍ॅनिमिया असेल तर बऱ्याच मीटरवर आकडा फुगतो. आणि आंबा खाऊन हात न धुता टोचलं, तर आपण आंब्याचीच साखर मोजतो.

मग उपयोग काय? बर्नस्टाइन यांचं यंत्र आजच्या मीटरच्या मानाने ओबडधोबड होतं, तरी ते कामी आलं, कारण प्रत्येक आकड्यानंतर ते काहीतरी बदलत होते. याची उलट बाजूही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या ४५० जणांवर अभ्यास झाला. रोज एकदा तपासणारे आणि अजिबात न तपासणारे यांच्या एचबीए१सीमध्ये वर्षाअखेर लक्षणीय फरक नव्हता. नुसता आकडा बघून साखर उतरत नाही.

म्हणून आई-बाबांचं मीटर कपाटातून काढा. हात साबणाने धुऊन कोरडे करा, पट्टीची एक्सपायरी बघा. एका आकड्यावर घाबरू नका. आठवडाभराचे आकडे, वेळ आणि जेवण लिहून डॉक्टरांना दाखवा. रीडिंग ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर सुरू झाली, तर मात्र अचूकतेवर चर्चा नको, आधी साखर द्या. आणि डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: या आकड्यावरून आम्ही नेमकं काय बदलायचं?

पुढच्या भागात भेटू. तोवर, ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांना हा भाग नक्की पाठवा.