काच पुसणारा माणूस

ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले, त्यांना ही गोष्ट आठवत असेल. तिन्हीसांजेला दिवा मंद वाटू लागला की आपला हात वात वाढविण्याकडे जाई; आणि माजघरातून आजीचा आवाज येई, "अरे, वात कशाला वाढवतोस? आधी काच पूस!" चिमूटभर राखेने काजळी निघाली, की त्याच वातीचा उजेड दुप्पट भासे. गेल्या शतकात दूरसंचाराला जे मोठे वळण लागले, त्याचे मर्म आजीच्या या बोलण्यात आहे.

प्रकाश वाकड्या वाटेनेही नेता येतो, हे शास्त्रज्ञांना जुनेच ठाऊक होते. १८५४ साली जॉन टिंडॉल याने लंडनमध्ये पाण्याच्या वळणाऱ्या धारेतून उजेड वळवून दाखविला. फार तिरकस येऊन कडेवर आदळलेला किरण बाहेर न पडता आतच परततो, आणि असा आदळत, परतत पुढे सरकत राहतो. बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ साली, पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेल्याचे 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे अशाच तंतूंनी डॉक्टरांना रोग्याच्या जठरात डोकावता येऊ लागले.

परंतु हातभर जाणे वेगळे आणि कोस ओलांडणे वेगळे! तेव्हाच्या काचतंतूत सोडलेल्या प्रकाशाचा सुमारे २० मीटरवर अवघा शंभरावा हिस्सा उरे. अशा तंतूने गावोगावचे टेलिफोन कसे जोडावयाचे?

इंग्लंडमधील हार्लो येथील एका दूरसंचार प्रयोगशाळेत, शांघायमध्ये जन्मलेला चार्ल्स काओ नावाचा तरुण इंजिनीयर काम करीत होता. १९६६ साली त्याने जॉर्ज हॉकहॅम या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दोष काचेचा नव्हे, तीत मिसळलेल्या लोखंडासारख्या धातूंच्या अंशांचा आहे. ते काढा, आणि किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरला तरी काम भागेल. अनेक जाणत्यांना हे अशक्य वाटले. काओ मात्र काच बनविणाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिला.

१९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या त्रयीने ते साधले. किलोमीटरनंतर शंभरातले सुमारे दोन हिस्से उरले! त्याच वर्षी साध्या हवामानात अखंड चालणारा चिमुकला लेसरही सिद्ध झाला. आज शंभरावा हिस्सा उरावयास प्रकाशाला सुमारे १०० किलोमीटर जावे लागते.

याचा परिणाम काय झाला? १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल पडली, तेव्हा तिच्यातून एका वेळी ३६ संभाषणे होत. १९८८ साली त्याच समुद्रात काचतंतूची पहिली केबल पडली. तिची क्षमता ४०,००० संभाषणांची होती. आपल्या मुंबईला समुद्रतळाची तार १८७० सालीच ब्रिटनशी जोडून गेली होती. आता तेथे काचतंतूंच्या केबली किनाऱ्याला लागतात. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहणारी आणि मग तीन मिनिटे ओरडून बोलणारी पिढी अजून आपल्यात आहे. आज लक्ष्मीपूजनाच्या वेळी परदेशीची नातवंडे आजीला आरती करताना पाहतात.

हा धागा नाजूकही आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रातील केबली तुटल्या आणि भारतातील कितीतरी कचेऱ्यांचे इंटरनेट रखडले. एवढा मोठा संसार आपण केसाएवढ्या काचेवर मांडला आहे!

२००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. स्टॉकहोममधील व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. २०१८ साली ते निवर्तले. जगाला बोलावयास वाट करून देणाऱ्या या माणसाला शेवटी आपले बोलणे दुसऱ्याच्या मुखाने सांगावे लागले.

यंदा दूरदेशीचा चेहरा समोर उजळला, की कोणीतरी काच पुसून ठेवली होती, एवढे आठवावे.