बचाव पक्षाचे साक्षीदार

फौजदारी खटल्यात आरोपीच्या बाजूने पुरावा देण्यासाठी बोलावलेल्या व्यक्ती. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले आणि न्यायाधीशांनी आरोपीचा जबाब नोंदवला की यांची पाळी येते. सत्र न्यायालयातील हा टप्पा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३३ मध्ये होता. सरतपासणी आरोपीचा वकील घेतो आणि उलटतपासणी सरकारी वकील.

समजा, पुणे ग्रामीण पोलिसांच्या शिक्रापूर ठाण्यात खुनाचा गुन्हा नोंदला गेला, तर तपासी अंमलदार शेजारीपाजारी, पंच, डॉक्टर यांचे जबाब घेतो आणि त्यांची नावे दोषारोपपत्राच्या यादीत येतात. बचावाचा साक्षीदार बहुधा या यादीत नसतो. पोलिसांनी त्याला विचारलेलेच नसते, म्हणून त्याच्या साक्षीतली विसंगती दाखवायला आधीचा जबाबही नसतो. सरकारी वकील मग ठरलेला प्रश्न टाकतो : एवढे माहीत होते, तर इतके दिवस पोलिसांकडे का गेला नाहीत? गावच्या माणसाला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर सहसा देता येते, पण ते कागदावर फिके दिसते. त्यापेक्षा दस्तऐवज घेऊन येणारा साक्षीदार उजवा ठरतो. आरोपी घटनेच्या वेळी सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यात रातपाळीला होता असे म्हणायचे असेल, तर सख्ख्या भावाच्या साक्षीपेक्षा हजेरीची नोंद सिद्ध करणारा कर्मचारी अधिक उपयोगी.

प्रत्यक्षात बचाव पक्ष साक्षीदार क्वचितच देतो. साक्षीपुरावा द्यायचा नाही अशी पुरशिस (लेखी निवेदन) दाखल होते आणि प्रकरण युक्तिवादाला लागते. गांधी हत्येच्या लाल किल्ल्यातील खटल्यात (१९४८–४९) सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. आरोपींनी एकही दिला नाही. नरेंद्र दाभोलकर खून खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयात सरकार पक्षाचे २० आणि बचावाचे २ साक्षीदार झाले (निकाल १० मे २०२४). मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात हे प्रमाण ३२३ ला ८ होते (निकाल ३१ जुलै २०२५). या आकड्यांवरून कोणाची बाजू लंगडी हे ठरत नाही. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो आणि बचावाचे खरे काम उलटतपासणीतच उरकते. स्वतःचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा करणे म्हणजे त्यालाही उलटतपासणीला सामोरे जायला लावणे. जाणते वकील हा धोका टाळतात.

कायद्याच्या लेखी दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांचे वजन सारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने दूधनाथ पांडे खटल्यात (१९८१) हे स्पष्ट केले : बचावाच्या साक्षीदारालाही तीच कसोटी लावावी, तो खोटेच बोलणार असे गृहीत धरू नये. नात्यातला म्हणूनही साक्ष फेटाळता येत नाही. मुंबईच्या गाजलेल्या नानावटी खटल्यात (१९५९) आरोपीची पत्नी सिल्व्हिया बचावाची साक्षीदार होती. आरोपी स्वतःही शपथेवर साक्ष देऊ शकतो, ही मुभा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९५५ च्या दुरुस्तीने मिळाली. मात्र त्यासाठी त्याला लेखी मागणी करावी लागते, आणि तो गप्प राहिला तर त्यावर कोणी टीकाटिप्पणी करायची नाही.

फितूर झालेला सरकारी साक्षीदार बचावाचा साक्षीदार ठरत नाही, जरी फायदा बचावालाच होत असला. खर्डा (ता. जामखेड) येथील नितीन आगे खून खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. माफीचा साक्षीदार याच्या उलट टोकाला : आरोपींच्या गोटातून तो सरकारकडे येतो. गांधी खटल्यातील पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा न मिळाल्याने सहआरोपी सावरकर सुटले.

शिक्रापूर परिसरात ‘साक्ष’ म्हटले की अनेकांना कोरेगाव भीमा चौकशी आयोग आठवतो. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर न्या. जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. आयोगापुढील साक्ष आणि खटल्यातील साक्ष यांची गल्लत होते. आयोगापुढे कोणी आरोपी नसतो, आणि तिथे दिलेले निवेदन, खोट्या साक्षीचा खटला सोडल्यास, त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही (चौकशी आयोग अधिनियम १९५२, कलम ६). त्याच घटनेच्या फौजदारी खटल्यात सगळे पुन्हा शपथेवर सांगावे लागते.

साक्षीदारांच्या संरक्षणाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंची ही समानता कमी पडली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत गुन्ह्याची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती ‘साक्षीदार’ होती. बाजूची अट नव्हती. पण योजनेखालच्या जिल्हा समितीकडे अर्ज जायचा तो सदस्य-सचिवामार्फत, म्हणजे जिल्ह्यातील अभियोग विभागाच्या प्रमुखामार्फत, आणि धोका किती याचा अहवाल पोलीसच देत.