मानवी चेहऱ्याचे यांत्रिक मापन : एक ऐतिहासिक आलोचन

छायाचित्रातील मनुष्य कोण, हे यंत्राने सांगावे, ही कल्पना अगदी अलीकडची मानली जाते. आणि यंत्राचा निर्णय मानवी दृष्टीच्या दोषांपासून मुक्त असतो, असेही सामान्यतः गृहीत धरले जाते. या विद्येचा इतिहास तपासला असता ही दोन्ही गृहीते टिकत नाहीत.

पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियाँ यांनी १८८२ पासून गुन्हेगारांची शरीरमापे नोंदविण्याची पद्धती सुरू केली. डोक्याची लांबी व रुंदी, मधले बोट, डावे पाऊल इत्यादी ११ मापांच्या आधारे असंख्य नोंदपत्रांतून एक मनुष्य हुडकून काढता येई. बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांनी हीच पद्धती काही काळ अवलंबिली. परंतु निरनिराळ्या कर्मचाऱ्यांनी घेतलेली एकाच मनुष्याची मापे परस्परांशी जुळत नसत. अखेर १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली आणि शरीरमापन मागे पडले. साधने बारीक मापांची असली तरी मापणारे हात सारखे नव्हते.

ही अडचण गणकयंत्राच्या युगातही सुटली नाही. १९६४-६५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे वुडरो ब्लेडसो, हेलन चॅन वुल्फ व चार्ल्स बिसन यांनी गणकयंत्राकरवी चेहरे ओळखण्याचे प्रयोग केले. तथापि डोळ्यांचे कोपरे, बाहुल्यांचे मध्य, कपाळावरील केसांचे टोक इत्यादी बिंदू छायाचित्रावर माणसालाच दाखवून द्यावे लागत. त्यांवरून २० अंतरे काढून त्यांची तुलना करणे, एवढेच यंत्राचे काम. या रीतीने तासाला सुमारे ४० छायाचित्रे हातावेगळी होत. मान कलली, प्रकाश बदलला किंवा वय वाढले, की तुलना अवघड होई.

हे बिंदू यंत्रानेच शोधावेत, या दिशेने क्योटो विद्यापीठात ताकेओ कानादे यांनी १९७३ च्या प्रबंधात मोठी मजल मारली. त्यांच्या यंत्राने २० पैकी १५ व्यक्ती अचूक ओळखल्या. सिरोविच व किर्बी यांच्या १९८७ च्या गणिती विवेचनाचा आधार घेऊन टर्क व पेंटलंड यांनी १९९१ मध्ये सुटे अवयव मोजण्याऐवजी संपूर्ण चेहऱ्यावरील छायाप्रकाशाची तुलना केली. २००१ मध्ये व्हायोला व जोन्स यांनी सेकंदाला १५ चित्रांच्या वेगाने चित्रातील चेहऱ्याचे स्थान शोधून दाखविले. चलच्चित्रातील माणसे टिपणे त्यामुळे व्यवहारात शक्य झाले.

येथे मानवी हात बाजूस सारला गेला असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः त्याची जागा तेवढी बदलली. २०१४ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेली ‘डीपफेस’ प्रणाली ४,०३० व्यक्तींच्या सुमारे ४४ लाख छायाचित्रांवरून शिकली होती. कोणती छायाचित्रे संग्रहात घ्यावयाची आणि कोणते नाव कोणाचे, हे यंत्राने ठरविलेले नव्हते. अशा निवडीचे महत्त्व जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू यांच्या २०१८ च्या अभ्यासाने स्पष्ट केले. त्यांनी तपासलेल्या दोन प्रचलित चित्रसंग्रहांत उजळ वर्णाच्या व्यक्तींचे प्रमाण ७९.६ व ८६.२ टक्के आढळले. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष भेद सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणालींची त्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा उजळ पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के, तर सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले.

इतिहासाच्या अभ्यासकाला या वृत्तान्ताचे अगत्य अधिक आहे. जुन्या छायाचित्रांतील अनाम माणसांना नावे देण्यासाठी अशी यंत्रे आता दप्तरखान्यांतही हाताशी आली आहेत. एखाद्या बखरीचा लेखक कोण, त्याचा आश्रयदाता कोण व ती कोणत्या हेतूने लिहिली गेली, हे पाहिल्यावाचून तिचा पुरावा ग्राह्य धरला जात नाही. यंत्र ज्या चित्रसंग्रहावर शिकले, तो कोणी, कोणाच्या चित्रांतून व कशासाठी जमविला, याची चौकशी हीदेखील त्याच साधनचिकित्सेचा भाग होय. तसे न केल्यास चुकीचे नाव एकदा नोंदीत शिरेल आणि पुढील अभ्यासक ते पुरावा म्हणून उद्धृत करतील.