‘द सर्चर्स’ : एका सूडाच्या शोधाची कथा

पडद्यावर प्रथम काळोख असतो. त्या काळोखांत एक दार उघडतें, आणि दाराच्या चौकटींतून तांबड्या मातीचें अफाट, निर्जन रान एकाएकीं दृष्टीस पडतें. दुरून एक घोडेस्वार येत आहे. दार उघडणारी स्त्री ओसरीवर येऊन, डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहत राहते. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या ‘द सर्चर्स’ या १९५६ सालच्या अमेरिकन चित्रपटाचा हा आरंभ होय. २०२४ सालीं वॉर्नर ब्रदर्स व द फिल्म फाउंडेशन यांनीं या चित्रपटाचा जीर्णोद्धार केला. एप्रिल महिन्यांत तो हॉलिवुडमधील एका महोत्सवांत ७० मिलिमीटरच्या पट्टीवर दाखविण्यांत आला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं घरीं बसून पाहण्याच्या तबकडीच्या रूपानें लोकांच्या हातीं आला.

जीर्णोद्धार हा शब्द येथें शोभेपुरता योजिलेला नाहीं. हा चित्रपट व्हिस्टाव्हिजन नांवाच्या पद्धतीनें टिपलेला होता. नेहमींच्या कॅमेऱ्यांत ३५ मिलिमीटरची पट्टी उभी सरकते व एका चित्राला कडेच्या ४ छिद्रांएवढी जागा मिळते. व्हिस्टाव्हिजनमध्यें तीच पट्टी आडवी सरकते आणि एका चित्राला ८ छिद्रांची जागा लाभते. म्हणजे मूळ चित्रच सुमारें दुप्पट मोठें पडतें. परंतु चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती बहुधा नेहमींच्या मापाच्याच असत. त्यामुळें छायालेखक विंटन होक यांनीं जें टिपलें तें सर्वच्या सर्व १९५६ सालच्या प्रेक्षकालाहि क्वचितच दिसलें असेल. शिवाय त्या काळच्या रंगीत पट्ट्यांचे रंग वर्षानुवर्षें उडत जातात, हें वेगळेंच. आतां मूळ पट्टीवरूनच नवी प्रत सिद्ध केल्यामुळें, अंगरख्यावर बसलेली धूळ, कपारींतून पुढें सरकणारी सांवली, दोन मैलांवरील घोड्यांची रांग, हें सारें स्पष्ट झालें आहे. स्पष्टपणाचा एक तोटाहि आहे. रात्रीच्या शेकोटीचे कांहीं प्रसंग कलागृहांत उभारलेल्या खोट्या खडकांपुढें घेतलेले आहेत, हें पूर्वीच्या मळकट प्रतींत झांकून जात असे. आतां तें लपत नाहीं. पण जीर्णोद्धार करणाऱ्यानें मूळच्या उणिवाहि जशाच्या तशा राखाव्या, हेंच योग्य.

ज्यांना ‘वेस्टर्न’ म्हणतात त्या अमेरिकन चित्रपटांत सूडाची कथा कांहीं नवी नाहीं. कोणीतरी कोणाला मारतो, तिसरा घोड्यावर मांड टाकून त्याचा पाठलाग करतो, आणि शेवटीं गोळी सुटून प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. ‘द सर्चर्स’ची सुरुवातहि याच चाकोरींतून होते. काळ १८६८, प्रांत टेक्सस. यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेला ईथन एडवर्ड्स, युद्ध संपून तीन वर्षें लोटल्यावर भावाच्या घरीं परत येतो. मधलीं वर्षें त्यानें कोठें काढलीं हें तो सांगत नाहीं. त्याच्याजवळ कोरींकरकरीत नाणीं मात्र आहेत. थोड्याच दिवसांत कोमांची टोळीवाले गुरें पळवून पुरुषांना दूर नेतात आणि मागें राहिलेल्या घरावर घाला घालतात. भाऊ, भावजय व पुतण्या मारले जातात. दोन पुतण्यांना पळवून नेण्यांत येतें. मोठीचें प्रेत लौकरच सांपडतें. धाकट्या डेबीचा शोध मात्र वर्षांमागून वर्षें चालतो. ईथनबरोबर असतो मार्टिन पॉली, त्या घरांत वाढलेला पोरका मुलगा, ज्याच्या अंगांत चेरोकी जमातीच्या रक्ताचा अष्टमांश अंश आहे. ईथन त्याला तेवढ्यासाठीं सारखा टोंचून बोलतो, आणि त्याच्यावांचून राहतहि नाहीं.

चाकोरी मोडते ती येथें. डेबी मोठी होऊन कोमांची नायकाची बायको झाली असेल, हें जसजसें ईथनला उमजत जातें, तसतसा त्याच्या शोधाचा हेतु पालटत जातो. सोडविण्यासाठीं निघालेला हा मनुष्य आतां तिला ठार मारण्यासाठीं हिंडूं लागतो. आणि मार्टिन त्याच्याबरोबर राहतो तो मुख्यतः त्याचा हात धरण्यासाठीं. हरण झालेल्या स्त्रीचा शोध लावणें एक आणि तिला घरांत घेणें दुसरें, हा भेद रामकथा ऐकत वाढलेल्या श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाहीं.

ईथनचें काम जॉन वेन यांनीं केलें आहे. तोंवर धीरोदात्त नायक म्हणून गाजलेल्या या नटानें येथें द्वेषानें पोखरलेला माणूस उभा केला, आणि त्याला गोड करण्याचा प्रयत्न केला नाहीं. पुरलेल्या कोमांची योद्ध्याच्या डोळ्यांत तो गोळ्या घालतो. कां, तर त्यांच्या समजुतीप्रमाणें त्याचा आत्मा वाऱ्यावर भटकत राहावा म्हणून. शत्रूचा धर्म त्याला पाठ आहे, त्यांची भाषा त्याला येते, आणि या ज्ञानाचा उपयोग तो फक्त इजा करण्याकडे करतो. अज्ञानांतून द्वेष उपजतो असें शाळेंत शिकविलें जातें खरें; ईथनपुढें तो धडा लंगडा पडतो. वेन यांना ही भूमिका इतकी आवडली कीं १९६२ सालीं झालेल्या मुलाला त्यांनीं ईथन हें नांव ठेविलें.

फोर्ड शब्दांपेक्षां हालचालींवर अधिक भिस्त ठेवतात. घाल्याच्या आधींच्या सकाळीं भावजय मार्था आंतल्या खोलींत ईथनचा कोट हातीं घेते व त्यावरून हळूच हात फिरविते. पुढच्या खोलींत कॉफी पीत उभा असलेला पाद्री तें पाहतो, आणि नजर समोर वळवून न पाहिल्यासारखें करतो. त्या दोघांमध्यें काय होतें हें संबंध चित्रपटांत कोणीहि उच्चारीत नाहीं. पण हें लक्षांत आलें नाहीं तर ईथनच्या सूडाचें मूळच कळत नाहीं. नव्या प्रतींत पाद्र्याच्या डोळ्यांतील तो क्षण आतां नीट दिसतो. जीर्णोद्धाराचा सगळा खर्च तेवढ्यानेंच भरून आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

दोषहि आहेत, आणि ते लहान नाहींत. मार्टिनच्या गळ्यांत चुकून पडलेली कोमांची बायको ही थट्टेसाठीं आणलेली आहे. तिला लाथ मारून उतारावरून लोटण्याचा प्रसंग आज पाहवत नाहीं. हीच बाई पुढें घोडदळाच्या हल्ल्यांत मरून पडलेली दिसते, तेव्हां आधींचें हसूं घशांत अडकतें. तें फोर्ड यांनीं जाणून केलें असेल, तरी पहिल्या प्रसंगाचा ओंगळपणा धुऊन निघत नाहीं. कोमांची नायक स्कार याच्या कामासाठीं हेन्री ब्रँडन हा जर्मनींत जन्मलेला नट घेतला होता. बाकीचे कोमांची म्हणजे अॅरिझोना व यूटा यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅलीजवळ राहणारे नव्हाहो लोक. टेक्ससच्या सपाट गवताळ मुलखाची गोष्ट त्या उंच तांबड्या सुळक्यांमध्यें घडते, हा भूगोलहि चुकीचाच. पण स्कारच्या तोंडीं एक गोष्ट घातली आहे ती महत्त्वाची : त्याचे दोन मुलगे गोऱ्यांनीं मारले, आणि त्यांच्यासाठीं तो सूड घेत आहे. म्हणजे ज्याचा पाठलाग होत आहे तोहि पाठलागच करीत आहे.

ही कथा ॲलन ल मे यांच्या १९५४ सालच्या कादंबरीवरून घेतली; पटकथा फ्रँक नूजंट यांची. कादंबरीच्या मागें खऱ्या घटना आहेत. १९ मे १८३६ रोजीं टेक्ससमधील फोर्ट पार्कर या वस्तीवर कोमांची व त्यांच्या मित्रजमातींनीं हल्ला करून पांच जणांना नेलें. त्यांत सुमारें ९ वर्षांची सिंथिया ॲन पार्कर होती. तिचा चुलता जेम्स पार्कर हा पळविलेल्या माणसांच्या शोधांत कित्येक वर्षें सरहद्दीवर हिंडला. सिंथिया मात्र कोमांचींत वाढली, पीटा नोकोना या नायकाची पत्नी झाली, आणि तिला तीन मुलें झालीं. १८६० च्या डिसेंबरांत, पुढें टेक्ससचा गव्हर्नर झालेल्या सल रॉस याच्या तुकडीनें पीस नदीकाठच्या तळावर छापा घातला, त्यांत ती तान्ह्या मुलीसह सांपडली. निळ्या डोळ्यांवरून ती गोरी असल्याचें ओळखूं आलें.

वर्तमानपत्रांनीं याला सुटका म्हटलें. टेक्ससच्या विधिमंडळानें १८६१ सालीं तिला जमीन व पांच वर्षेंपर्यंत दरसाल १०० डॉलर मंजूर केले. तिनें मात्र परत कोमांचींकडे पळून जाण्याचा पुन्हां पुन्हां प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळीं तिला पकडून आणण्यांत आलें. १८६४ सालीं मुलगी वारली. आपल्या दोन मुलांची भेट तिला कधींच झाली नाहीं, आणि १८७० च्या सुमारास तीहि गेली. चित्रपटांतील डेबीला घरीं आणतात तेथें गोष्ट संपते. सिंथियाची गोष्ट तेथूनच सुरू झाली होती, आणि ती पडद्यावर आणण्याचें धैर्य फोर्ड यांना झालें नाहीं, किंवा त्यांना ती सुचली नाहीं.

शेवटाच्या बाबतींत कादंबरी आणि चित्रपट यांत मोठा फरक आहे. कादंबरींतील नायक (तेथें त्याचें नांव एमस) एका कोमांची स्त्रीला डेबी समजून तिच्याजवळ जातो आणि तिच्याच हातून मरतो. चित्रपटांत ईथन पळणाऱ्या डेबीला गांठतो; आतां हा तिला मारणार असें वाटत असतांना तिला दोन्ही हातांनीं उंच उचलतो, जसें पहिल्या भेटींत लहानपणीं उचललें होतें, आणि घरीं चल म्हणतो. या पालटाचें कारण कोठेंहि दिलेलें नाहीं. कांहीं टीकाकारांना तो अचानक वाटतो. परंतु हाताला जुन्या ओझ्याची आठवण राहते, मनाला राहो न राहो. आणि पहिल्या प्रसंगांतील तें उचलणें फोर्ड यांनीं उगाच दाखविलेलें नाहीं.

मग पुन्हां तेंच दार. सगळे आंत जातात. ईथन उंबऱ्याबाहेर उभा राहतो, डाव्या हातानें उजवें कोपर धरतो. ही लकब हॅरी कॅरी या मूकपटांच्या काळांतील नटाची. फोर्ड यांचे पहिले घोडेस्वारी चित्रपट त्याच्याबरोबर झाले. तो १९४७ सालीं वारला होता. आंत गेलेल्या मंडळींत शेजारीण झालेली नटी ही त्याची विधवा ऑलिव्ह कॅरी. ईथन वळतो, वाऱ्यांतून चालूं लागतो, आणि दार मिटतें.

१९५६ सालच्या ऑस्करसाठीं या चित्रपटाला एकहि नामनिर्देशन मिळालें नाहीं. वेन ईथनच्या तोंडीं वारंवार जो उद्गार काढतात, त्यावरून त्याच वर्षीं बडी हॉली या तरुण गायकानें एक लोकप्रिय गाणें रचलें, एवढाच काय तो तेव्हांचा गाजावाजा. १९७० नंतर मात्र मार्टिन स्कॉर्सेसी व जॉर्ज लुकास यांच्या पिढीनें तो डोक्यावर घेतला; १९८९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत पहिल्याच २५ चित्रपटांत त्याचा समावेश झाला.

सिंथियाचा थोरला मुलगा क्वाना हा कोमांचींचा मोठा नायक झाला. १८७५ सालीं तो फोर्ट सिल येथें आपल्या लोकांसह शरण आला, आणि आईचें पार्कर हें नांव त्यानें आपल्या नांवापुढें लाविलें. ३५ वर्षांनीं, १९१० सालीं, त्यानें टेक्ससमधून तिच्या अस्थि ओक्लाहोमांत आणविल्या. पुढच्या वर्षीं तो वारला आणि त्याला तिच्या शेजारीं पुरण्यांत आलें. १९५७ सालीं, म्हणजे चित्रपट लागून एकच वर्ष झालें असतांना, लष्कराला ती जागा हवी झाली, आणि मायलेकांच्या अस्थि तेथून उकरून फोर्ट सिलच्या दफनभूमींत नेण्यांत आल्या.