काउबॉय : शिवी ते शील

‘काउबॉय’ म्हणजे शब्दशः गुराखी पोरगा. १७२५ साली जोनाथन स्विफ्टने हा शब्द वापरला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता. नंतर शब्दाची पत घसरली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात न्यूयॉर्कजवळ शेतकऱ्यांची गुरं पळवून इंग्रज फौजेला विकणाऱ्या टोळ्यांना लोक काउबॉय म्हणू लागले. शंभर वर्षांनी, १८८१च्या सुमारासही, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात एखाद्याला काउबॉय म्हणणं म्हणजे त्याला गुरंचोर ठरवणं होतं.

आज वायोमिंग राज्यात याच काउबॉयची नीती कायद्याच्या पुस्तकात आहे. २०१०मध्ये तिथे दहा कलमांची आचारसंहिता मंजूर झाली : दिलेला शब्द पाळा, हातचं काम तडीस न्या, बोला कमी. मोडल्यास शिक्षा नाही. शब्दाला ही प्रतिष्ठा सिनेमाने दिली, असं सर्रास म्हणतात. सिनेमाने ती गावोगाव नेली, हे खरं; पण कमावली ती गुरांमागे राबणाऱ्यांनी, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांच्या बोलीतच याचा पुरावा आहे. स्पॅनिशमध्ये ‘वाका’ म्हणजे गाय. त्यावरून गुरं राखणारा तो ‘वाकेरो’, आणि इंग्रजी जिभेवर त्याचाच झाला ‘बकारू’. लासो, लॅरिएट, रोडिओ, रँच हे सगळे शब्द तिकडूनच आले. टेक्सासच्या गोऱ्या पोरांनी हे काम मेक्सिकन वाकेरोंकडून शिकून घेतलं आणि कामासोबत त्याचे शब्दही उचलले.

‘ब्रँड’ मात्र इंग्रजीचा स्वतःचा. मूळ अर्थ आग, जळतं लाकूड; मग तापल्या लोखंडाने जनावराला दिलेला डाग. मोकळ्या माळावर कुंपण नव्हतं, मालकीची खूण म्हणजे हा डागच. सॅम्युअल मॅव्हरिक या टेक्सासच्या वकिलाने आपल्या गुरांना डाग दिलेच नाहीत, आणि बिनडागी वासराला ‘मॅव्हरिक’ हे नाव पडलं. असं वासरू दिसलं की आपला डाग ठोकून मोकळं होणं सोपं होतं. जिथे चोरी इतकी सोपी, तिथे माणसाची पारख त्याच्या हातावरूनच होणार. ‘ब्रँडसाठी घोडा दौडवणे’ म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखणे, हा वाक्प्रचारही याच मातीतला.

हे इमान प्रत्यक्षात कसं होतं ते पाहा. १८६७मध्ये ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचा व्यापारी कोमांची या मूळनिवासी जमातीशी झालेल्या चकमकीत जखमी झाला आणि न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला मरण पावला. आपल्याला टेक्सासच्या मातीत पुरावं, ही त्याची शेवटची इच्छा. भागीदार चार्ल्स गुडनाइटने आधी गुरं मुक्कामी पोहोचवली, मग पुरलेलं प्रेत उकरून शेकडो मैलांवरच्या वेदरफोर्डला नेलं. याच दोघांच्या कळपांबरोबर बोस इकार्ड राबत होता. तो गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस. गुरं विकून आलेली रोकड वाटेत गुडनाइट त्याच्याच हवाली करी. १९२९मध्ये इकार्ड गेला, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने वेदरफोर्डलाच त्याच्या थडग्यावर दगड उभारला आणि त्यावर त्याच्या इमानाची साक्ष कोरून घेतली.