हुबळी, हुब्बळ्ळी आणि काळी खिडकी

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची इंग्रजी नावं सरकारी कागदावर बदलली. बंगळूर, म्हैसूर, बेळगाव, विजापूर यांच्या रांगेत हुबळीही होती. वीस किलोमीटरवरचं धारवाड मात्र होतं तसंच राहिलं. कन्नडमध्ये याने काही बिघडलं नाही, तिथे ती आधीपासूनच हुब्बळ्ळी. मराठी माणसाने तर मनावरच घेतलं नाही, आपली हुबळी ती हुबळी. कामाला लागावं लागलं ते वेबसाइटी सांभाळणाऱ्यांना. रोमन लिपीतल्या पाच अक्षरांच्या जागी आठ अक्षरं बसवायची, तीही शेकडो पानांत. टर्मिनलवरून वेबसाइट सांभाळण्याच्या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी याच तारखेच्या दारातून आत घेतो, कारण विषयातली बहुतेक सगळी मेख या एका कामात सापडते.

वर्डप्रेस, ड्रुपल किंवा जूमलावर चालणाऱ्या साइटचं ‘पान’ असं कुठे ठेवलेलं नसतंच. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत असतो आणि कोणी मागितलं की पान ताजं वाढलं जातं. ब्राउझरमधून उघडतो तो डॅशबोर्ड म्हणजे दिवाणखाना. टर्मिनलची काळी खिडकी थेट स्वयंपाकघरात उघडते. ड्रुपलवाल्यांनी २००६ च्या सुमारास ‘ड्रश’ हे साधन केलं, वर्डप्रेससाठी २०११ मध्ये डब्ल्यूपी-सीएलआय सुरू झालं. दोन्हींत माउस लागत नाही. काय हवं ते लिहून सांगायचं. डॅशबोर्डवरून काढलेल्या मोठ्या कामाला पीएचपीची, म्हणजे या साइटी ज्या भाषेवर चालतात तिची, वेळमर्यादा आडवी येते, ती मुळात तीस सेकंदांची. टर्मिनलवरून चालवलेल्या पीएचपीला अशी मर्यादा नसते. शिवाय दिलेली कमांड फाइलीत जपता येते, पुढच्या महिन्यात पुन्हा चालवता येते, सहकाऱ्याला दाखवता येते. डॅशबोर्डवर मारलेल्या चाळीस क्लिकांचा असा दाखला मागे उरत नाही.

आता नाव बदलण्याचं काम जवळून पाहू. सरळ डेटाबेसात जाऊन ‘शोधा आणि बदला’ केलं तर? मी ते एकदा केलं आहे, एका संस्थेच्या साइटवर, शनिवारी संध्याकाळी. पानं नीट दिसली, पण कडेची पट्टी रिकामी झाली, पत्त्याची चौकट गेली आणि माझा रविवारही गेला. झालं असं की पीएचपी काही माहिती गाठोडं बांधून ठेवते आणि गाठोड्यावर आतल्या मजकुराची लांबी लिहून ठेवते: पाच बाइट, हुबळी. मी आतलं नाव आठ बाइटचं केलं, वरचा आकडा पाचच राहिला. पीएचपीला हिशेब जुळेना, तिने अख्खं गाठोडं नाकारलं. देवनागरीत तर फरक आणखी मोठा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना, मात्रा आणि हलन्तही त्यात धरायचे. म्हणून ‘हुबळी’ पंधरा बाइट आणि ‘हुब्बळ्ळी’ सत्तावीस. डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस कमांड गाठोडं सोडते, नाव बदलते, लांबी नव्याने मोजते आणि पुन्हा बांधते. एवढ्या एका कारणासाठीही हे साधन शिकावं, असं माझं मत आहे.

कमांडला ‘ड्राय-रन’ जोडलं की ती काहीही न बदलता नुसतं सांगते, कुठल्या तक्त्यात किती जागा बदलतील. ‘लॉग’ मागितलं तर त्या जागा आजूबाजूच्या मजकुरासकट छापून देते. ही यादी वाचायचा कंटाळा करू नये. ‘माणूस’ या १९३९ च्या चित्रपटातल्या शांता हुबळीकर आठवा. न वाचता बदल केला तर त्या ‘हुब्बळ्ळीकर’ होऊन बसतील. इंग्रजी मजकुरात ‘पूर्ण शब्दच बदल’ असं सांगून सुटका होते. मराठीत ‘हुबळीत’ आणि ‘हुबळीकर’ दोन्ही एकेकच शब्द, एक बदलायचा आणि दुसरा ठेवायचा हे यंत्राला कोण सांगणार? उलटही घडतं. ‘विजापूर’ शोधलं तर ‘विजापुरात’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. संगणकाच्या कामात व्याकरणाची शाळा अशी आडवाटेने भेटते.

धारवाडही वाटतं तेवढं निर्धास्त नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा खंड रोमन लिपीत शेवटी ‘र’ लावून हे नाव छापतो, आणि भूगर्भशास्त्रज्ञ आजही जगभर ‘धारवार क्रेटॉन’च म्हणतात. ग्रंथालयाच्या किंवा भूशास्त्र विभागाच्या साइटवर हे ‘सुधारायला’ गेलात तर संदर्भ मोडतील.

काही गोष्टी तर जुन्याच ठेवायच्या असतात. हुबळीच्या रेल्वे स्थानकाला आता श्री सिद्धारूढ स्वामीजींचं नाव आहे, पण तिकिटावरचा संकेत जुनाच, यूबीएल. वर्डप्रेसच्या तक्त्यात ‘जीयूआयडी’ नावाचा रकाना असाच असतो. दिसायला पत्ता, प्रत्यक्षात लेखाची कायमची ओळख. सर्च-रिप्लेस करताना तो वगळायला सांगावं लागतं.

या पुस्तकाची पुढची प्रकरणं टर्मिनल वापरायला प्रोग्रामर असण्याची अट घालत नाहीत. महाविद्यालयाचा ग्रंथपाल, संगीतसभेचा चिटणीस, दुकानाची साइट सांभाळणारी सून, कोणीही बसावं. टर्मिनल बोलतं कमी, आणि बहुतेक वेळा ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. अपवाद एक: सर्व्हरच्या सर्वाधिकारी ‘रूट’ खात्यातून चालवलं तर डब्ल्यूपी-सीएलआय चक्क ओरडतं आणि काम नाकारतं. ती ओरड बंद करायची सोय आहे. ती कशी, हे मी शेवटच्या प्रकरणापर्यंत मुद्दाम सांगितलेलं नाही.

पहिल्या प्रकरणात एकच काम आहे. साइटचा डेटाबेस एका ओळीत निर्यात करायचा, फाइल आपल्या लॅपटॉपवर उतरवायची आणि तिथे साइट उभी राहते का ते पाहायचं. उभी राहिली, की त्या प्रतीवर हुबळीचं हुब्बळ्ळी करा, यादी वाचा आणि हुबळीकर किती सापडले ते मोजा.