दप्तराची किल्ली

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे लेखणी सहजच लढायांकडे वळते. रायगड महाडांत, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपुरांत. मग तलवार बाजूस ठेवून दप्तराकडे कोण पाहणार? परंतु राज्य मिळतें तलवारीनें आणि चालतें दप्तरानें. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश रचविला व कारभारांत रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देवविले. कारभार ज्या शब्दांत चालावयाचा, ते शब्द आपल्या स्वाधीन असावेत, हा विचार त्या कोशाच्या मुळाशीं आहे.

मराठ्यांचें हें दप्तर मुख्यतः मोडींत लिहिलें गेलें. झरझर लिहिण्यास सोयीची ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांत, सावकारांच्या वह्यांत व घरोघरच्या पत्रांत चालत होती. छापखान्यांनीं बाळबोध पत्करली, पुढें शाळांतूनही मोडी गेली, आणि आजोबांच्या सहीचें खरेदीखत नातवास वाचतां येईनासें झालें. कागद शाबूत, शाई शाबूत. हरवली ती वाचण्याची किल्ली. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमण्यांत आली, तेव्हां शासनास मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. हजारों कुटुंबांचें भवितव्य मूठभर वाचकांच्या डोळ्यांवर येऊन ठेपलें.

मोडीच्या बाबतींत एक गोष्ट मात्र सुदैवाची आहे. ती कोणाच्याही मालकीची नाहीं. जो शिकेल त्यास ती आजही उघडते. संगणकानें आणलेलें कुलूप याहून निराळें. १९९० नंतरच्या दशकांत मराठी लिहिण्याच्या ज्या प्रणाली विकत मिळत, त्यांतील पुष्कळांत अक्षरांची सांकेतिक मांडणी ज्याची त्याची खासगी असे. एका कचेरींतील मजकूर दुसरींतील यंत्रावर उघडावा, तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची गिचमीड दिसावी! भारतीय लिपींसाठीं राष्ट्रीय मानक १९९१ सालीं ठरलें होतें, त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडांतही देवनागरीस स्थान होतें. पण तीं रूढ होईपर्यंत बराच काळ गेला. खुद्द मोडीस युनिकोडांत जागा मिळाली ती २०१४ सालीं.

अक्षरांची ही कथा, तीच संपूर्ण आज्ञावलीचीही. ज्या आज्ञावलीवर नगरपालिकेची घरपट्टी किंवा रुग्णालयाची नोंद चालते, तिचें मूळ लिखाण एकाच विक्रेत्याच्या पेटींत असेल, तर नोंदी लोकांच्या आणि किल्ली विक्रेत्याची अशी स्थिति होते. त्यानें दर वाढविला अथवा धंदा गुंडाळला, म्हणजे कचेरीनें काय करावें?

या प्रश्नास पश्चिमेंत निघालेलें उत्तर म्हणजे मुक्तस्रोत प्रणाली. मूळ लिखाण सर्वांस वाचावयास, वापरावयास, बदलावयास व पुढें वाटावयास खुलें ठेवावें, हें तिचें तत्त्व. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं या कार्याची घोषणा केली. फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स प्रसिद्ध केलें. वाटून टाकलेल्या वस्तूचा व्यापार कसा व्हावा, ही व्यवहारी माणसाची शंका १९९३ सालीं निघालेल्या रेड हॅट या कंपनीनें फेडली. विहिरीवर मालकी न सांगतां रहाट चालता ठेवण्याची मजुरी घ्यावी, तसा हा धंदा. लिखाण खुलें, दुरुस्ती, सुरक्षितता व वेळेवर मदत यांची वर्गणी मात्र घ्यावयाची. याच कंपनीनें २००४ सालीं ‘लोहित’ हे भारतीय लिपींचे टंक खुल्या परवान्यानें दिले, आणि २०१९ सालीं आयबीएमनें ही कंपनी ३४ अब्ज डॉलरांस विकत घेतली.

तरी व्यापाऱ्याच्या औदार्यावर विसंबून राहूं नये. २०२३ सालीं रेड हॅटनें आपल्या मुख्य प्रणालीचें नेमकें मूळ लिखाण जवळजवळ ग्राहकांपुरतें मर्यादित केलें व मोठा वाद माजला. पण पूर्वीं खुलें झालेलें लिखाण परत घेण्याची सोय परवान्यांत नव्हती; त्याच्याच आधारें इतरांनीं आपल्या प्रणाली चालू ठेवल्या. औदार्य बदलतें, परवाना टिकतो.

भारत सरकारनें २०१० सालीं खुल्या मानकांचें आणि २०१५ सालीं मुक्तस्रोताचें धोरण जाहीर केलें. निविदा काढतांना मुक्तस्रोताचा विचार व्हावा, आणि तो वगळल्यास कारण द्यावें, असें हें दुसरें धोरण सांगतें. धोरण उत्तम, पण ठराव आणि वहिवाट यांतील अंतर महाडकरांस कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पैशांतून बांधलेले वा राखलेले पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें ठरविलें. कागदावर तळें खुलें होतें, ओंजळीस बंद होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तें पाणी प्राशन केलें, मार खाल्ला तो त्यांच्या अनुयायांनीं. आणि तळें खासगी असल्याचा दावा उच्च न्यायालयांत निकालांत निघावयास १९३७ साल उजाडलें. तो लढा माणुसकीचा होता. यंत्राच्या परवान्यांशीं त्याची तुलना करणें अप्रशस्त ठरेल. परंतु जें लोकांच्या पैशानें राखलें जातें तें लोकांचें, हा न्याय त्याच काठावर रुजला, आणि तो तळ्यापुरताच राहावा असें थोडेंच आहे?

जुलै २०२१ च्या पुरांत महाडच्या घरांदुकानांतून पाणी भरलें. कागद भिजतो, तेव्हां दप्तर यंत्रावर जावें हें योग्यच. तें जातांना किल्ली कोणाच्या कनवटीस राहते, एवढें मात्र नागरिकांनीं आजच विचारून ठेवावें. उद्यां नातू विचारील तेव्हां उशीर झालेला असेल.